मुलांचे हात कोणी धरायचे?

अंगणवाडीतील मुले परिसर पाहायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? नोकरशाहीचे उत्तर ठरलेले आहे : सेविकेची! मूल रस्त्यावर धावले की नोटीस तिला. नोटिशीच्या भीतीने तिने मुले खोलीतच बसवली, तर पूर्वप्राथमिक शिक्षणात कसूर केल्याचा शेराही तिलाच. या पद्धतीने अपघात टळत नाहीत. अपघाताची जबाबदारी तेवढी शासनाच्या अंगावरून झटकली जाते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अर्धशतक लोटले, तरी एका केंद्रात एक सेविका व एक मदतनीस हाच साचा कायम आहे. कागदावर माणसे दोन. प्रत्यक्षात मदतनीस आहार व साफसफाईत गुंतलेली. केंद्र सरकारच्याच २०१३ च्या बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे, आणि तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे प्रमाण घालून दिले. परंतु जे प्रमाण चार भिंतींत कसेबसे निभावते, ते रहदारीत कसे पुरणार?

चार-पाच वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग अजमावता येत नाही. उभ्या गाडीआडून निघालेले मूल चालकाला दिसत नाही. म्हणून मुलांची रांग नेताना एक प्रौढ पुढे आणि एक मागे हवा. निघताना, रस्ता ओलांडल्यावर आणि परतल्यावर मुले मोजायला हवीत. पदपथ नसेल तेथे समोरची वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे, आणि वाहनांच्या बाजूला प्रौढाने असावे. एखादे मूल आजारी पडले, तर त्याच्यापाशी एकीने थांबायचे आणि बाकीच्यांना इतरांनी सांभाळायचे. या रीतीत गहन असे काही नाही. पण एकट्या बाईने ती पाळावी, असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

“मग बाहेर नेऊच नका,” असा शहाणपणा काहीजण शिकवतात. सधनांच्या मुलांना कुंपणाआड मैदान आणि बाग मिळते. एका खोलीत संसार असलेल्या कामगाराच्या मुलाला मात्र झाड, टपाल कचेरी, बाजार हे सारे रस्त्यावर उतरूनच पाहावे लागते. त्याला कोंडून ठेवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे; तो वर्गीय पक्षपात आहे.

दुसरी सूचना अधिक गोंडस असते : मातांनी स्वयंसेवक म्हणून यावे. ज्या मातांनी यायचे, त्यांनी त्या दिवसाची मजुरी बुडवायची काय? २०१८ साली केंद्राने सेविकेचे मासिक मानधन ४५०० रुपये आणि मदतनिसाचे २२५० रुपये ठरवले. वेतन हा शब्दच टाळला. अशा अल्पमोली श्रमाच्या जोडीला आता फुकटचे श्रम हवे आहेत!

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये समाविष्ट असल्याचे स्पष्ट केले. पण निकालाने गटारावर झाकण बसत नाही. ते बसवून घ्यावे लागते.

म्हणून पक्षशाखांनी, मग त्या मुंबईत असोत, इंदूरला असोत वा हैदराबादला, आपल्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेसोबत मुलांच्या वाटेने एकदा चालावे. उघडी गटारे, विहिरी आणि धोक्याची वळणे नोंदवून ती यादी नगरपालिकेपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे ठेवावी आणि कामाची मुदत मागावी. प्रत्येक केंद्रात दुसरी सेविका नेमा, तिला मानधन नव्हे तर वेतन द्या, ही मागणी युनियनच्या बरोबरीने पालकांनीही करावी. आणि कोठे दुर्घटना घडलीच, तर चौकशीचा पहिला प्रश्न हा असला पाहिजे : तेथे मुले किती होती आणि माणसे किती नेमली होती? या प्रश्नाचे उत्तर सेविकेने नव्हे, सरकारने द्यायचे आहे.