जुना संगणक : दुरुस्ती कीं खरेदी?

खेळाचा संगणक मंदावला कीं मुलें नव्याचा हट्ट धरितात. परंतु यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यांत पुष्कळ घरचा पैसा हंगामावर अवलंबून असतो. म्हणून आधीं दोष शोधावा, असें आमचें मत आहे. धूळ साचून उन्हाळ्यांत प्रोसेसर तापला, तर तो आपला वेग आपणच कमी करितो. तेथें साफसफाई पुरते. खेळ उघडण्यास विलंब लागल्यास हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी बसवावी. चित्र अडखळल्यास बहुधा ग्राफिक्स कार्ड बदलावें लागतें.

मात्र विंडोज १० चें नेहमीचें साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. ज्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीं, त्या यंत्रावर पैसा ओतणें म्हणजे पडक्या भिंतीस रंग देणें होय. तेथें मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम एकदम बदलावीं; कॅबिनेट, मॉनिटर तेच राहूं द्यावे. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब आधीं कागदावर मांडावा, मगच वडिलांपुढें हात पसरावा.