मुलगा भरलाय की मजबूत झालाय?

लग्नाच्या दावतीत एखादा गुबगुबीत मुलगा दिसला की ‘माशाअल्लाह, खात्यापित्या घरचा दिसतो’ अशी तारीफ होते. शेजारी एखादा हडकुळा मुलगा बसलेला असेल, तर त्याच्या अम्मीला ‘याला काही खायला घालत नाहीस का गं?’ असे ऐकावे लागते. मग घरी त्याच्या ताटात तुपाची धार वाढते, दुधात साखर जास्त पडते. दोन्ही घरांत मुलाची सेहत एकाच नजरेने मोजली जाते : तो अंगाने किती भरला? त्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे कुणी विचारत नाही. वाढत्या वयातील मुलांसाठी हाच सवाल महत्त्वाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यासाठी केलेली धावपळ, असे याज्ञिकांच्या बाबतीत त्याच लेखात थट्टेने नोंदवले आहे.

फरक फक्त धावण्याचा नव्हता. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टन शहरातील बाळे ३.५ किलोची. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी ठेवण आपल्याकडे जन्मापासूनच आढळते. आपल्याकडे तुलनेने कमी वजनाच्या माणसांनाही तरुण वयात मधुमेह का गाठतो, याचे एक कारण इथे आहे. म्हणून हडकुळ्या मुलाच्या आईवडिलांनीही निर्धास्त राहू नये.

आता मुलांच्या वाढीकडे पाहू. दहा-बारा वर्षांच्या सुमारास काही मुलगे उंच होण्याआधी अंगाने भरतात, पोट सुटल्यासारखे दिसते. त्यानंतर साधारण तेरा-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, खांदे रुंदावतात, स्नायू वाढतात आणि शरीरातील चरबीचा वाटा कमी होतो. त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवणे किंवा मोठ्यांचे डाएट लावणे चुकीचे आहे. मात्र ही वाढ पुरी साधायची तर शरीराला काम हवे. स्नायू वापरल्यानेच बळकट होतात, हाडे धावण्या-उड्या मारण्याच्या भाराने घट्ट होतात. हाडांची पुंजी बहुतांशी याच वयात जमा होते आणि पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च करायचा असतो.

दम आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे. जाड मुलगा रोज खेळू लागला, तर दोन महिन्यांत काटा कदाचित हलणार नाही, कारण उंची आणि स्नायू वाढतच असतात. पण जिना चढताना तो धापा टाकणार नाही. कामाला लागलेले स्नायू रक्तातील साखर उचलतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो. हा फायदा वजन उतरण्याची वाट पाहत नाही. म्हणून ‘इतके खेळूनही वजन तेवढेच’ असे म्हणत खेळ बंद करू नका.

किती खेळावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे, श्वास वाढेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस जोरात धावणे आणि स्नायू-हाडांना ताण देणारे खेळ असावेत. हा तास एका दमात भरायची गरज नाही.

वेळ कुठून आणायचा, हा आपल्या घरांतला खरा अडथळा आहे. सकाळी शाळा, दुपारी मकतब, संध्याकाळी ट्यूशन आणि उरलेल्या वेळात मोबाइल. असर ते मगरिबचा वेळ हा पूर्वी मोहल्ल्यातील मुलांचा खेळाचा वेळ होता. आज त्यात ट्यूशन घुसली आहे. शक्य असेल तर ती मगरिबनंतर ठेवावी. आठवड्याचे चार दिवस तरी हा वेळ मुलांना परत द्यावा. गल्ली क्रिकेट चांगलेच, पण त्यात बराच वेळ उभे राहण्यात जातो. फुटबॉल, कबड्डी, खो-खो, लंगडी यांत सगळेच पळतात. जागा नसेल तर गच्चीवर दोरीउड्या, जोर-बैठका आणि जिना आहेच. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलाने उन्हात धावू नये, इफ्तारनंतर फिरावे.

घरकामाचेही असेच. आपल्याकडे पाणी भरणे, झाडलोट, पिठाचा डबा गिरणीवर नेणे ही कामे बहिणीच्या वाट्याला येतात आणि भाऊ पंख्याखाली बसतो. ती कामे वाटून द्या. आणि खेळाचा तास मुलीलाही तितकाच लागतो, हे विसरू नका.

खाण्यात कुठलाही जालीम उपाय नको. डाळ, अंडी, मासे, कमी तेलातले मटण-चिकन, भाजी, फळ हे घरचे जेवण वाढत्या मुलाला पुरेसे आहे. कमी करायचे ते कोल्ड्रिंक, बाटलीतले गोड सरबत, वेफर्स आणि चहाबरोबरची खारी-नानखटाई. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा जिमचा हट्ट धरतो. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम करायला हरकत नाही, पण दुकानातून आणलेले पावडरचे डबे आणि ‘बॉडी बनवणारी’ इंजेक्शने यांना सक्त मनाई असावी.

आणखी एक गोष्ट. घरातच ‘जाड्या’, ‘पेटू’ अशी हाक मारलेला मुलगा मैदानावर जायला लाजतो, आणि ज्याला मैदानाची सर्वाधिक गरज आहे तोच घरात बसतो. ही चेष्टा थांबवणे हाही इलाजाचाच भाग आहे.

मानेवर किंवा काखेत काळी, जाडसर मखमलीसारखी त्वचा, रात्री जोरात घोरणे, सारखी तहान व लघवी, गुडघ्यात किंवा खुब्यात दुखणे यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळताना छातीत दुखले किंवा चक्कर येऊन मूल पडले, तर तेव्हाच जा. भारतीय मुलांसाठी उंची-वजनाचे वेगळे तक्ते २०१५ पासून वापरात आहेत. त्यावर मुलाची नोंद करून घ्या.

आणि या जुम्म्याला एक साधी तपासणी घरीच करा. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती मधोमध दुमडा आणि बेंबीच्या किंचित वरून पोटाभोवती गुंडाळून पाहा. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची दुमडलेली सुतळी ७५ सेंटिमीटरची असेल. टोके आरामात भेटली तर कंबर आटोक्यात आहे. भेटली नाहीत तर रागावू नका, त्याच संध्याकाळी चेंडू घेऊन वडिलांनी त्याच्याबरोबर बाहेर पडावे. तीन महिन्यांनी पुन्हा नवी सुतळी कापा, कारण तोवर मुलगाही उंच झालेला असेल.