इशारा कोणासाठी?

हिमालयात बर्फाचा लोट कोसळून माणसे गाडली गेली, की ‘दैवी आपत्ती’ या सदराखाली तिची नोंद करून मोकळे होण्याची सरकारी दफ्तराची रीत जुनीच आहे. परंतु 28 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे बद्रीनाथनजीक माणा येथील सीमा रस्ते संघटनेच्या तळावर जे घडले, त्यात अस्मानीइतकाच सुलतानीचाही वाटा होता, असे म्हणणे आम्हांस भाग आहे. माणा खिंडीकडील मार्गावरचे बर्फ हटविण्यासाठी आणलेले 54 मजूर त्या लोटाखाली सापडले. लष्कराने व इतर दलांनी भर हिमवृष्टीत शिकस्त केली, लोखंडी कंटेनरांत श्वासापुरती हवा उरली, म्हणून 46 जण वाचले. आठ दगावले.

वरून शुभ्र आणि एकजिनसी दिसणारे हे बर्फ वास्तविक थरांचे बनलेले असते. हिवाळ्याच्या आरंभी पातळ हिमवर्षाव झाला आणि मागोमाग निरभ्र, कडाक्याच्या रात्री आल्या, म्हणजे जमिनीलगतच्या उबेतून निघणारी वाफ बर्फातून वर सरकते आणि तळच्या कणांची परस्परांवरील पकड सुटून ते जाड्या साखरेसारखे भुसभुशीत होतात. त्यानंतर एखादा पश्चिमी झंझावात दोन-तीन दिवस बर्फ ओततो, वारा ते वाऱ्याआडच्या उतारांवर नेऊन रचतो, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या चढणीवर त्या निर्बल थराला न पेलणारे ओझे चढते. जाणते निरीक्षक फावड्याने खड्डा खणून बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा करतात, त्याच्या माथ्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि प्रथम मनगटाने, मग कोपरापासून, मग खांद्यापासून जोर लावून थापट्या मारीत जातात; चार-दोन थापट्यांतच वरचा थर अलगद पुढे सरकला, तर त्या दिवशी त्या उताराच्या वाटेस जाऊ नये. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फारच थोडी उरते. ज्यांच्या डोक्यावर लोखंडी छत नाही, त्यांच्या बाबतीत दुरून येणाऱ्या मदतीचा हिशेब येथेच संपतो.

बरे, शास्त्राने आपले काम केले नव्हते, असेही नाही. चमोलीसह उत्तराखंडातील उंच प्रदेशांत हिमस्खलनाचा धोका असल्याचा इशारा संरक्षण संशोधन संघटनेच्या चंडीगड येथील संस्थेने आदल्या सायंकाळीच दिला होता. तो तळावर पोहोचला की नाही, याची चौकशी अवश्य व्हावी. परंतु पोहोचला असता, तरी रात्रीच्या अंधारात, सभोवार ताजे बर्फ साचलेले असताना त्या मजुरांनी जावे कोठे, याचे उत्तर कोणत्याही खलित्यात नव्हते. ज्या जागी राहुट्या अथवा कंटेनर मांडायचे, तिच्या माथ्यावरील उताराची पाहणी ऑक्टोबरात, जमीन उघडी असतानाच व्हावयास हवी. माणाचे मूळ रहिवासी हिवाळ्यात घरांना कुलपे लावून खालच्या वस्त्यांत उतरतात. त्यांच्या पिढीजात शहाणपणाचा हवाला कंत्राट देताना कोणी घेतला नसावा, असेच दिसते.

स्वित्झर्लंडमध्ये 1951 च्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी 98 बळी घेतले. त्यानंतर त्या देशाने धोक्याचे नकाशे तयार करून, ज्या पट्ट्यांत जोखीम सर्वाधिक तेथे नव्या घरांना मनाई करण्याचा मार्ग धरला. आमच्याकडे सीमेवरील रस्ता वर्षभर खुला ठेवण्याची निकड आहे आणि ती आम्हांस मान्य आहे. उन्हाळ्यात बद्रीनाथला जाणारा मराठी यात्रेकरूही याच खोऱ्यातल्या रस्त्याच्या भरवशावर असतो. मात्र हिवाळी तळाची जागा हिमतज्ज्ञांच्या लेखी मंजुरीवाचून ठरू नये, आणि इशाऱ्याच्या दिवसांत तळ खाली हलविण्याचा अधिकार जागेवरील अभियंत्याला वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता वापरता यावा. शिवाय कंत्राटात एक कलम स्पष्ट लिहावे: इशाऱ्यामुळे काम थांबले, तरी त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. ज्याचे पोट हजेरीवर आहे, तो मजूर एरवी धोका दिसत असूनही फावडे खाली ठेवणार नाही, आणि मुकादमही त्याला ठेवू देणार नाही.