मत आत्ताच हवं

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक संगीतयंत्रं हाताशी घेतली: टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मुरलेल्या या वादकाने भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. टीबी-३०३वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. रागातल्या मींडेला ती नेमकी उपयोगी पडली. एचएमव्हीने तबकडी काढली, पण तिला कुणी फारसं विचारलं नाही.

शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हे इलेक्ट्रॉनिक नृत्यगीत आलं १९८७मध्ये. सिंग यांनी पाच वर्षं आधी वापरलेलं टीबी-३०३च तिथेही कुरकुरत होतं. २०१०मध्ये सिंग यांची तबकडी नव्याने निघाली, तेव्हा कुठे जगभरचे कान टवकारले.

जाणकारही चकतात. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ या अल्बमला ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने २००१ साली दहापैकी ६.४ गुण दिले आणि २०२१मध्ये तेच पूर्ण दहा केले.

म्हणून मत देणं लांबणीवर टाकावं काय? मुळीच नाही. इंडी कलावंतामागे जाहिरातीचं बळ नसतं. अल्बम ताजा असताना कुणी चार शब्द बोललं, तरच तो ओळखीपाळखीच्या पलीकडे पोचतो.

या अंकात नव्या अल्बमना गुण दिलेले नाहीत. गाण्यात नेमकं काय खटकलं, कुठला बेस आवडला आणि ते हेडफोनवर ऐकलं की क्लबात, हे समीक्षकांनी नोंदवलं आहे. पटलं नाही, तर वाचकांनी खुशाल भांडावं. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.