विस्मृत कारागिराचा शोध

वेगाचे कौतुक कोणास नाही? काळाचौकीच्या रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गर्जत गेली की आमच्या वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात. परंतु तो वेग ज्याच्या बुद्धीने व हातांनी घडविला, त्याचे नाव विचारणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी जुन्या फोर्ड मोटारी स्वहस्ते सुधारून कोरड्या सरोवरांच्या तळांवर पळवीत. त्यांचा वेग वाढविणारे इंजिनाचे भाग लहान लहान कारखान्यांत ओतले जात. त्या कारखानदारांपैकी एडेलब्रॉक यांच्यासारखी काही नावे टिकली; कित्येक लोपली. आज तेथील हौशी लोक एखाद्या जुन्या ओतीव भागावरील उठावाची अक्षरे वाचून, जुन्या जाहिराती व पेटंटांचे कागद चाळून, त्याच्या कर्त्याचा माग काढतात. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

आमच्याच मुंबईचे उदाहरण घ्या. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म येथे १८६७ साली झाला. १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाने लावलेल्या स्पर्धेत त्यांच्या वजन करणाऱ्या यंत्राच्या कल्पनेस बक्षीस मिळाले. पुढे ते विलायतेस गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांस आधार दिला, सर रतन टाटा यांनी द्रव्यसाहाय्य केले. छापखान्याचे शिशाचे खिळे अतिशय वेगाने ओतणारे यंत्र हा त्यांचा ध्यास होता. त्या यंत्रास त्यांच्याच नावावरून ‘भिसोटाइप’ म्हणत. १९३५ साली ते न्यूयॉर्क येथे निवर्तले. पुढे शिशाचे खिळेच छापखान्यांतून गेले, आणि त्यांबरोबर भिसे यांचे नावही गेले. आम्ही वर्गात त्यांचे नाव विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

मात्र येथे एक इशारा द्यावासा वाटतो. विस्मृतीची भरपाई दंतकथेने होत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा दाखला देतात, त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली काढला. भिसे यांच्या पेटंटांस तारखा आहेत, आकृत्या आहेत. ती कोणासही पाहता येतात. पुराव्यावाचून केलेली स्तुती खऱ्या कारागिरांवर अन्यायच करते. कारण मग त्यांचे कार्यही लोकांस कहाणी वाटू लागते.

आता आमच्या दाराशी या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे महानगरपालिकेने योजिले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संग्रहालयात यंत्र ठेवता येते. ते बिघडले असता कोणी कोणती युक्ती योजून पुन्हा चालविले, हे यंत्र स्वतः सांगत नाही. ते सांगणारे वृद्ध आमच्या चाळींतून अद्याप आहेत. पण वर्षागणिक कमी होत आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांनी या सुटीत एवढेच करावे. आजोबांजवळ बसून ते कोणत्या खात्यात होते, कोणते यंत्र चालवीत, त्यात कोणी काय सुधारणा केली, हे विचारावे व तारखेसह वहीत लिहावे. जे ऐकीव असेल त्यापुढे ‘ऐकीव’ असे प्रामाणिकपणे नोंदवावे. पालकांस आमची विनंती एवढीच की, घरातील जुना गिरणीचा पास, हजेरीचे कार्ड वा हत्यारांची पेटी रद्दीवाल्यास देण्यापूर्वी ती एकदा मुलांच्या हाती द्यावी.