अक्षर आपले, कुलूप दुसऱ्याचे

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये परदेशातल्या बँकांची आणि कारखान्यांची सॉफ्टवेअर तयार होतात. पण लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके आणि म्हातोबाच्या उत्सवाची हँडबिले छापून देणाऱ्या छोट्या दुकानांत वेगळीच काळजी असते. पुण्याच्या पेठा असोत, भिवंडी असो की मालेगाव, अनेक छापखान्यांत एक जुना कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हराखाली जपून ठेवलेला दिसतो. कारण एकच : सगळे मॅटर त्यातच आहे.

आमचे म्हणणे असे की, धंद्याचे खरे भांडवल ते मशीन नव्हे, त्यातले मॅटर आहे. ते मशीनच्या आणि फॉन्टच्या कुलपातून बाहेर काढणे हे आज प्रत्येक छापखानेवाल्याचे आणि डीटीपीवाल्याचे पहिले काम आहे. उद्या हार्डडिस्क बसली, तर वीस-पंचवीस वर्षांची मेहनत एका दिवसात जाईल.

हे कुलूप लागले कसे, ते समजून घेऊ. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, तो आकडा ओळखतो. ६५ म्हणजे इंग्रजी ए, हे सगळीकडे ठरलेले आहे. मराठीचे तसे ठरवण्याचे काम आपल्या देशात वेळेवर झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवले की डॉसवरच्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी दिसे आणि छापता येई. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली मंजूर झाले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती.

पण विंडोज आणि पेजमेकर घरोघरी पोचले, तेव्हा बाजाराने वेगळी वाट धरली. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खाने असत. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या एवढ्यात मावत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते इंग्रजी अक्षरांच्या खान्यांत बसवले गेले. सी-डॅकच्या आयएसएफओसी फॉन्टची मांडणी एक, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची दुसरी, आकृतीची तिसरी, कृतीदेवची चौथी. कागदावर उमटे ते शुद्ध मराठी, पण फाइलमध्ये साठे ते इंग्रजी चिन्हांचे कडबोळे. फॉन्ट काढून घेतला की मजकूर कोणालाच वाचता येत नाही. त्यातून काही सॉफ्टवेअरना कॉम्प्युटरच्या मागे लावायचे लॉक असे. ते लॉक बिघडले की दुकानही बंद!

उर्दूची कथा वेगळी नाही. मिर्झा अहमद जमील यांनी आखलेला नूरी नस्तालीक १९८१ साली वापरात आला आणि १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज आले. कातिबांचे काम कॉम्प्युटरवर गेले. पण जुन्या इनपेजच्या फाइलींचीही स्वतःचीच मांडणी आहे. निकाहची पत्रिका मराठी आणि उर्दूत छापणाऱ्या आपल्या बांधवांकडे म्हणजे एकाच कपाटाला दोन कुलपे आहेत.

आता प्रिंटरकडे वळू. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरे तयारच असतात. देवनागरी मात्र कॉम्प्युटरला ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवावी लागते. म्हणून मराठी बिल सावकाश निघते आणि नऊ पिनांच्या प्रिंटरवर २४ पिनांइतके सुबक उठत नाही. तरी हा प्रिंटर भंगारात काढू नये. कार्बनच्या तीन प्रती एका फटक्यात हव्या असतील, तर लेझर किंवा इंकजेट कामाचे नाहीत, कारण त्यांचा ठोकाच कागदावर पडत नाही. एप्सन, टीव्हीएस यांचे असे प्रिंटर आजही मिळतात.

अडचण जोडणीची आहे. नव्या कॉम्प्युटरला प्रिंटरचे जुने रुंद पोर्ट नसते. जिस्ट कार्डाची खाच तर केव्हाच गेली. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. उलट अनेक स्वस्त लेझर प्रिंटर फक्त विंडोजच्याच हुकमात चालतात आणि डॉसच्या हिशेबाच्या प्रोग्रामला दाद देत नाहीत. म्हणून प्रिंटर घेताना नुसती किंमत विचारू नका. ‘ईएससी/पी’ किंवा ‘पीसीएल’ चालते का, ते विचारा आणि आपलेच एक बिल दुकानात छापून पाहा.

मग करायचे काय? जुने मशीन चालू आहे तोवर सगळ्या फाइली, त्यांचे फॉन्टसुद्धा, दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि कोणत्या कामाला कोणता फॉन्ट वापरला ते वहीत लिहा. तयार कामांची फॉन्टसहित पीडीएफ करून ठेवा. त्यात फेरफार सहज होणार नाही, पण छपाई कुठेही होईल. नेहमी लागणारे मॅटर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि त्याचे प्रूफ पुन्हा वाचा. रफार, ‘ऱ्य’सारखी अक्षरे, आडनावे आणि आकडे इथे चुका हमखास राहतात. पत्रिकेत नाव चुकले तर गिऱ्हाईक कन्व्हर्टरला नाही, आपल्याला जाब विचारते.

नवे काम मात्र युनिकोडमध्येच सुरू करावे. पेजमेकर तिथे साथ देणार नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे. इनडिझाइन किंवा कोरलड्रॉच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसते. खर्च परवडत नसेल तर स्क्रायबस मोफत आहे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू, उर्दूसाठी नोटो नस्तालीक हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यात वापरायला परवानगीही आहे. मग चोरीची सीडी कशाला हवी?

‘जुने चालते आहे, कशाला हात लावा?’ असे काहीजण म्हणतील. कन्व्हर्ट करण्यात वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, हेही खरे. पण रोज दोन कामे बदलली तरी वर्षात सहाशे होतात. शिवाय गिऱ्हाइकाने विश्वासाने सोपवलेला मजकूर ही आपल्याकडची अमानत आहे.

एक मागणी मात्र फॉन्ट बनवणाऱ्यांकडेही आहे. ज्या फॉन्टची विक्री थांबली, त्यांच्या मांडणीचे तक्ते सर्वांसाठी खुले करावेत. सी-डॅक तर जनतेच्या पैशावर उभी राहिलेली संस्था आहे. तिने यात पुढाकार घ्यावा. आणि हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरीला लागलेल्या आपल्या मुलांना एक सांगणे : तक्ता हाती असेल तर असा कन्व्हर्टर लिहिणे हे तुमच्यासाठी काही रविवारांचे काम आहे. परदेशी बँकेचा हिशेब जुळवणाऱ्या हातांनी मोहल्ल्यातल्या छापखान्याचे कुलूपही उघडून द्यावे.