अटॅकनंतर खाटेवर निजवणं थांबवा

"अटॅक येऊन गेलाय, आता सांभाळून. जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही, फिरायला जाणं तर बंदच." दवाखान्यातून परतलेल्या माणसाला घरचे, शेजारचे, भेटायला आलेले पाहुणे, सगळे हेच बजावतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या मायेपायी धडधाकट होऊ शकणारा माणूस खाटेला खिळतो, म्हणून या समजुतीचा नीट प्रतिवाद व्हायलाच हवा.

तिच्यामागचा युक्तिवाद असा: मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये स्थिर ठेवतात, मग जखमी हृदयाला विश्रांती नको का? पण पाय स्थिर ठेवता येतो; हृदय गाढ झोपेतही धडधडतच असतं. शिवाय माणूस सपाट आडवा झाला की पायांतलं रक्त छातीकडे परततं आणि ते जास्तीचं रक्त हृदयालाच पुढे ढकलावं लागतं. पाय खाली सोडून बसलं तर हा भार हलका होतो.

ही समजूत अडाण्यांची नव्हे, ती वैद्यकशास्त्रानंच रुजवली. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिलं की हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली तरी माणूस वाचू शकतो. वाचलेल्यांसाठी त्यांचा सल्ला होता अंथरुणात पूर्ण विश्रांतीचा. १९३९ मध्ये बोस्टनच्या मॅलरी, व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं शवविच्छेदनांतून पाहिलं की मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला कित्येक आठवडे जातात. मग रुग्णाला महिना-दीड महिना निजवून ठेवण्याची रीत पक्की झाली. घास नर्सनं भरवायचा, दाढीसुद्धा स्वतः करायची नाही. तर्क घसरला तो इथे. व्रण भरायला किती काळ लागतो हे शवविच्छेदनानं सांगितलं होतं; निजून राहिल्यानं तो अधिक चांगला भरतो, हे कुणी तपासलंच नव्हतं. किंमत मात्र रुग्ण मोजत होते: पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, त्यातली एखादी फुप्फुसात अडकून मृत्यू, न्यूमोनिया, पाठीला जखमा, आणि दिवसभर छताकडे बघत मरणाचाच विचार.

बोस्टनचेच सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली. भोवतालच्या डॉक्टरांना हा जिवाशी खेळ वाटला. १९५२ मध्ये त्यांनी ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. खुर्चीनं कुणाचं हृदय फाटलं, असं दिसलं नाही. उलट माणसांना धीर आला. यावर आक्षेप निघतो की तुलनेला दुसरा गट नव्हता. आक्षेप रास्त आहे. पण १९७०च्या दशकात तुलना करूनच चाचण्या झाल्या आणि लवकर उठवलेल्यांत मृत्यू वाढले नाहीत.

आणि निरोगी माणसाला निजवलं तर? १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयानं केलेली हानी त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली. विशीतल्यांची ही गत, तर साठीतल्या हृदयरुग्णाचं काय होत असेल?

मांडायचं ते असं की हालचाल हा उपचाराचाच भाग आहे. आणि हालचाल करणाऱ्यांना हा विकार मुळातच कमी होतो, हेही दिसलं आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील, ही शंका मॉरिस यांनी स्वतःच घेतली, गणवेशांच्या कमरेची मापं तपासली, आणि ती काही अंशी खरीही निघाली. तरी कंडक्टरांचा फायदा पुरता पुसला गेला नाही. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरखाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे श्रम समजावून सांगायला नकोत. त्याच्याही कितीतरी आधी, अठराव्या शतकात, हृदयविकारातल्या छातीच्या दुखण्याचं, म्हणजे अँजायनाचं, नेमकं वर्णन करणारे इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बऱ्या झालेल्या रुग्णाची नोंद केली होती.

विश्रांतीला जागाच नाही, असं माझं म्हणणं नाही. छातीत दुखत असताना, धाप लागत असताना, पहिल्या काही तासांत पडून राहायलाच हवं. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, हेही बरोबर. पण तेव्हाही वॉर्डात चालणं काही दिवसांतच सुरू होतं. आणि स्टेंट टाकला म्हणजे चालायची गरज संपली, हा समज तर तितकाच घातक आहे.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं, वेळा, पुढची तारीख सगळं असतं. चालण्याबद्दल बहुधा एखादी मोघम ओळ. पहिल्या आठवड्यात रोज किती मिनिटं चालायचं, जिना कधी चढायचा, काय झालं तर थांबायचं, हे डॉक्टरांनी त्याच कार्डावर लिहून द्यावं. आणि ते लिहिलेलं नसेल तर नातेवाइकांनी विचारल्याशिवाय दवाखाना सोडू नये.